आखरीले काय बदललं?

आमच्या शेजारच्या वानखडे सरांना पोट दुखतंय म्हणून सांगून पाहा. ओवा नाही, गोळी नाही, आधी शेवटचा बदल कोणता ते विचारतील, "आखरीले काय बदललं तुमी?" माझी स्कूटर सुरू होईना, तेव्हाही हेच. आमच्या हिची भाजी खारट झाली, तेव्हाही तोंडावर हेच. त्या दिवशी मी मधे पडलो म्हणून सरांना चहा तरी मिळाला.

तंत्रनिकेतनातली प्रयोगशाळा सांभाळून निवृत्त झालेला हा माणूस. अमरावतीतल्या आमच्या गल्लीत निम्म्या कॉम्प्युटरांवर त्यांनी विंडोज काढून लिनक्स चढवलंय. माझ्या कॉम्प्युटरवर तर मला न विचारता. केलेला प्रत्येक बदल तारखेसकट वहीत. माऊसचा भारी राग. काळा पडदा, पांढरी अक्षरं, बस्स. चित्रं पाहायची तर टॉकीजमध्ये जा म्हणतात.

त्यांच्याकडे त्यांची थोरली बहीण राहते, अक्का. सगळा जन्म दर्यापूरकडे वांगी-मेथी पिकवण्यात गेला, शाळा ठाऊक नाही. तिच्यासाठी मात्र याच माणसाने पडद्यावर चार चित्रं मांडली होती. वांगं दाबलं की भजन, बैल दाबला की हवामान, असं. रोज चारला अक्का वांगं दाबायची आणि गल्लीभर टाळ वाजायचे.

मागच्या महिन्यात सरांनी लिनक्सची नवी आवृत्ती चढवली. चारला अक्काने कॉम्प्युटर लावला, तर पडदा काळाठिक्कर आणि कोपऱ्यात एक रेघ लुकलुकतेय. "माह्याच हातानं मोडलं बाप्पा," म्हणून तिने हात पदरात घेतला तो घेतलाच. चूक माझी, असं सर सांगून थकले. ती ऐकेना. भावाच्या हातून कधी काही मोडतं का?

मी संधी साधली. "सर, आखरीले काय बदललं?"

बिचारे ओशाळले. पडद्यावर चित्रं उमटवणारा ग्राफिक्सचा जुना ड्रायव्हर नव्या आवृत्तीशी पटवून घेत नव्हता. तो काढला, दुसरा बसवला. पडदा उजळला, पण मांडणी सगळी नवी आणि वांगं गायब. मी म्हटलं, एवढा कुटाणा कशाला, रोज चारला तुम्हीच भजन लावून द्या.

वहीतून मान वर न करता म्हणाले, "म्या लावलं तं ते माहं भजन झालं. मले सांभाळाले घरी ठेवलं तिले, राजेहो, म्हणून शाळा राहिली तिची. हे चार अक्षरं तं तिले सोता वाचू द्या."



तीन दिवस खपून वांगं वांग्याच्या जागी आलं, बैल बैलाच्या. चौथ्या दिवशी चारला, अक्का, एकदा दाबून पाहा, एवढं सांगून सर बाहेर ओट्यावर माझ्यापाशी येऊन बसले, मुद्दाम घराकडे पाठ करून. सोयाबीनविषयी काहीतरी बोलत होते. काय, ते त्यांनाही कळत नसावं. आत खुर्ची सरकली. मग बराच वेळ काही नाही. आणि टाळ वाजले.

अक्का दारात आली. "कावून रे, लागलं कसं? आखरीले काय बदललं तुनं?"

तीन दिवसांचे बदल लिहिलेली वही सरांच्या मांडीवर उघडीच होती. त्यांनी ती मिटली.

"काईच नाई, अक्का. तुह्या हातानंच लागलं."