तेजलच्या तोंडून

त्या वर्षी जूनपासून शाळेच्या सूचना मुलांच्या तोंडून घरी येऊ लागल्या. पहिल्याच पालकसभेत मुख्याध्यापिका पाटणकर मॅडमनी त्यामागचं कारण सांगितलं. डायरीत लिहिलेलं पालक बघत नाहीत, मोबाइलवरचे निरोप न वाचता पुढे सरकवतात. मूल मात्र रोज न चुकता घरी पोचतं. तेव्हा सूचना मुलाच्याच तोंडी देणं सगळ्यांच्या सोयीचं. पालकांनी टाळ्या वाजवल्या. वैजयंता कुंभोजकरनेही वाजवल्या. गेल्या वर्षी वेशभूषेच्या दिवशी अख्ख्या वर्गात तिची तेजल एकटीच गणवेशात गेली होती, कारण घरी तो निरोप कुणी वाचलाच नव्हता. तेजल आता दुसरीत होती, आणि वैजयंताला तो दिवस अजून टोचत होता.

पद्धत सोपी होती. दिवेलागणीला तेजल खेळता खेळता थांबायची, पाठ ताठ करून बसायची आणि तिच्या तोंडून पाटणकर मॅडमचा जाड, किंचित घोगरा आवाज यायचा. सर्व पालकांना कळविण्यात येते की उद्या चित्रकलेच्या तासासाठी जुने वर्तमानपत्र पाठवावे. आवाज थांबला की तेजल पाणी मागायची आणि पुन्हा खेळायला लागायची. पालकांना काही सांगायचं असेल तर त्यांनी तिच्या डाव्या कानात बोलायचं. ते सकाळी प्रार्थनेनंतर शाळेत तिच्या तोंडून निघायचं. जाताना काय गेलं आणि येताना काय आलं, यातलं तेजलला काहीच ऐकू यायचं नाही.

वैजयंताचा नवरा शशिकांत इचलकरंजीत सुताला खळ देणाऱ्या एका सायझिंग कारखान्यात सुपरवायझर होता. यंत्रांच्या आवाजात दिवस काढलेल्या माणसाला घरी स्पष्ट बोललेलं आवडायचं. "निदान कळतं तरी काय चाललंय ते," तो म्हणायचा. पावसाळाभर कुंभोजकरांच्या घरून एकही गोष्ट राहिली नाही. पांढरे मोजे वेळेवर गेले, जंताच्या गोळीची संमती वेळेवर गेली. सप्टेंबरात एका संध्याकाळी तेजलच्या तोंडून त्यांना आदर्श संवादी पालक म्हणून जाहीर करण्यात आलं. शशिकांतने तिच्या कानात आभार मानले.

मग सूचना वाढल्या. आधी फक्त मुख्याध्यापिका बोलायच्या. आता वर्गशिक्षिका बोलायच्या, गणिताचे सर बोलायचे, पीटीचे सर शिट्टीसकट बोलायचे. स्कूलबसच्या काकांनाही थोडा वेळ देण्यात आला होता. एकाचं संपतं न संपतं तोच तेजलच्या गळ्यात दुसरा आवाज चढायचा. पालकही गप्प बसणारे नव्हते. शशिकांत रोज रात्री गृहपाठाविषयी, डब्याविषयी, बाकावरच्या जागेविषयी तिच्या कानात सविस्तर बोलायचा.

वैजयंता एका दंतवैद्याकडे रिसेप्शनवर होती. दिवसभर तोंड उघडं ठेवून बसलेली, बोलू न शकणारी माणसं तिच्यासमोरून जायची; त्यामुळे असेल, घरातला फरक आधी तिच्याच लक्षात आला. तेजल पूर्वी जेवताना इतकी बोलायची की पोळी गार व्हायची. ट्यूबलाइटमागच्या पालीला पिल्लं झाली आहेत, आराध्याचा दात डब्यातल्या लाडवात पडला, मोठी झाल्यावर मी वरच्या मजल्यावर राहणार आणि तुम्ही खालच्या. आता ती हो म्हणायची, नको म्हणायची, आणि दिवाळीनंतर मान हलवायला लागली. वैजयंता तिला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी दिवा लावून घसा बघितला. घसा चांगला आहे, ते म्हणाले, वापर जास्त आहे, इतकंच.

त्याच आठवड्यात वर्गशिक्षिकेचा आवाज आला. आपली पाल्य वर्गात बोलत नाही. प्रश्न विचारल्यास उत्तर देत नाही. तरी पालकांनी घरी तिच्याशी संवाद साधावा.

शशिकांतने थोडा विचार केला आणि तेजलचं डोकं हलकेच वळवून तिच्या कानात सांगितलं की मुलगी घरीही बोलत नाही, शाळेने कृपया लक्ष द्यावं. दुसऱ्या संध्याकाळी शाळेचं उत्तर आलं की ही बाब प्रामुख्याने घरची आहे. शशिकांतने कळवलं की मूल दिवसाचा मोठा भाग शाळेत असतं. शाळेने कळवलं की शाळेत संस्कार होतात, पण त्यांचा पाया घरी घातला जातो. महिनाभर हे चाललं. दोन्ही बाजूंची भाषा शेवटपर्यंत सभ्य होती. तेजल मध्ये पाट मांडून बसायची, बोलायची, कान पुढे करायची, आणि झालं की पाणी पिऊन झोपायची.

एका सकाळी वैजयंताने रजा टाकली आणि ती शाळेत गेली. शिपायाने तिला फाटकाशीच अडवलं. भेटीची वेळ मुलीच्या तोंडून मागायची असते, तो म्हणाला. ती हलली नाही. शेवटी पाटणकर मॅडमनीच तिला आत बोलावलं. खरा आवाज आणि घरचा आवाज यांत वैजयंताला काहीच फरक वाटला नाही. समोर एक थकलेल्या डोळ्यांची बाई बसली होती, एवढाच काय तो फरक.

"कुंभोजकर, तुमचं उदाहरण आम्ही इतर पालकांना देतो," मॅडम म्हणाल्या. "तक्रार काय आहे?"

"तेजल बोलत नाही."

"ते आपण एकमेकांना कळवलेलं आहे."

"तिचं स्वतःचं म्हणते मी. आमचं नको, तुमचं नको. तिचं."

मॅडमनी समजावून सांगितलं. लहान मुलाच्या तोंडी दिवसाला ठरावीकच बोलणं असतं. त्यातला काही वाटा शाळेचा, काही घराचा. उरेल ते मुलाचं. तेजलच्या बाबतीत सध्या काही उरत नाही, कारण दोन्हीकडचे लोक मनापासून लक्ष घालतात. ज्यांच्या घरून काहीच येत नाही अशी मुलं वर्गात भरपूर बडबडतात. पण तशा पालकांसारखं व्हावं असं कुंभोजकरांना नक्कीच वाटत नसेल.

वैजयंताला वेशभूषेचा तो दिवस आठवला. ती म्हणाली, "थोडा वेळ तरी द्या, मॅडम."

पाटणकर मॅडमनी वेळापत्रक बघितलं. रविवारी दुपारी, जेवणानंतर, अर्धा तास शाळा काही पाठवणार नाही. घरानेही कानात काही बोलू नये. हे त्यांनी अपवाद म्हणून मान्य केलं.

रविवारी शशिकांत मुद्दाम बाहेर गेला. वैजयंताने सतरंजी अंथरली आणि तेजलला समोर बसवलं. मुलगी बराच वेळ आपल्या पायांच्या बोटांकडे बघत राहिली. वैजयंताने घाई केली नाही. खाली कुणीतरी मोटरसायकल धूत होतं, त्या पाण्याचा आवाज येत होता.

मग तेजल बोलली. आवाज तिचाच होता, बारीक, वापरात नसलेल्या नळातून यावा तसा अडखळत.

"मम्मी, तुम्ही माझ्याबद्दल काय बोलता?"

"कुणाशी?"

"शाळेशी. पप्पा कानात बोलतात तेव्हा गुदगुल्या होतात, पण ऐकू येत नाही."

खोटं बोलण्यात हा वेळ घालवायचा नाही, असं वैजयंताने सकाळीच ठरवलं होतं. "आम्ही सांगतो की तू बोलत नाहीस."

तेजलने त्यावर विचार केला. "आणि शाळा काय म्हणते?"

"तेच म्हणते."

"दोघं पण?"

"हो."

मुलीने मान हलवली. बाजारातून काही आणायला सांगितलेलं नीट लक्षात ठेवावं, तशी. "मग बरोबर असेल," ती म्हणाली.

वैजयंताने तिला जवळ ओढलं आणि पालीच्या पिल्लांचं विचारलं, आराध्याचं विचारलं, वरच्या मजल्याचं विचारलं. तेजल तिच्या कुशीत शांत बसून राहिली. तिला जे विचारायचं होतं ते विचारून झालं होतं. खालचं पाणी बंद झालं.

वेळ संपला तशी तेजलची पाठ वैजयंताच्या हातांतच ताठ झाली. राखून दिलेला कालावधी समाप्त झाला आहे, पाटणकर मॅडमचा आवाज म्हणाला, पालकांनी आपला अभिप्राय कळवावा.

वैजयंताने मुलीच्या कानावरचे केस मागे सारले. कान गरम होता. ती वाकली आणि हळू आवाजात म्हणाली की संवाद चांगला झाला.