आधी टेल, मग हेड

सकाळी आमच्या गल्लीत शिट्टी वाजायची, आणि ती वाजेपर्यंत घरातलं सांडपाणी फेकायची कुणाची छाती नव्हती. तांदूळ धुतलेलं, भांडी घासलेलं, कपडे पिळलेलं, सगळं पाणी बादलीत धरून ठेवायचं. शिट्टी झाली की ज्याची पाळी असेल त्यानं आपली बादली उचलायची आणि सांगितलेल्या झाडाला नेऊन घालायची. मी शाळेत बऱ्यापैकी दरारा असलेली बाई. पण सकाळी सकाळी नवऱ्याच्या बनियनचं पाणी घेऊन भर रस्त्यानं चालत जायची. समोरून एखाद्या विद्यार्थिनीचे वडील यायचे, नमस्कार करायचे. मी बादलीसकट नमस्कार करायची आणि मनातल्या मनात एका माणसाला शिव्या घालायची.

तो माणूस म्हणजे आमचे शेजारी दिगंबरकाका. कालवा निरीक्षक म्हणून सगळी नोकरी कालव्याच्या काठावर काढली आणि निवृत्तीनंतर आमच्या सोसायटीत घर बांधलं. खाकी अर्धी चड्डी, पांढरी टोपी, गळ्यात काळ्या दोऱ्याला शिट्टी. हातात एक काठी, तिच्यावर खिळ्यानं ओढलेल्या खुणा. ती काठी ते आमच्या बादल्यांत बुडवून बघायचे. कुणाला नावानं हाक मारणं त्यांना ठाऊक नव्हतं. कालव्यातून शेताकडे पाणी नेणाऱ्या फाट्याला चारी म्हणतात. आमची घरं त्यांच्या लेखी चाऱ्या होत्या.

"चारी नंबर तीन, आज पानी कमी दाखवून राहिली तुमची बादली!" हे माझ्याबद्दल. माझ्या सासूबाईंच्या देखत.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. जो तो छाती फुगवून सांगायचा, आता आपण जिल्ह्याचं ठिकाण आहोत. पाऊस मात्र तालुक्याच्या लायकीचाही पडला नव्हता. विहिरींनी तळ गाठला, नळाला आठवड्यातून कधीतरी करंगळीएवढी धार यायची. आमची सोसायटी म्हणजे शहराबाहेरची एक लांब गल्ली. तोंडाशी फाटक, दोन्ही बाजूंना लिंब आणि करंजाची कोवळी झाडं, शेवटी मोकळं माळरान. ही झाडं जगवायचा जिम्मा काकांनी आपणहून घेतला होता. कुणीही त्यांना तो दिला नव्हता.

आणि त्यांचा नेम एकच. आधी टेल, मग हेड.

"कालवा धरनापाशी सुरू होतो ते हेड, संपतो ते टेल," ते समजावून सांगायचे, अगदी पाचवीच्या वर्गाला सांगावं तसं. "हेडवाल्याच्या दारातनं पानी जातंच, त्यो कवाबी घेतो. टेलवाला वाट बघून बघून म्हातारा होतो. म्हनून आधी टेलला पोचवायचं. हेडवाल्यानं दम धरायचा."

म्हणजे काय, तर मी फाटकाजवळ, म्हणजे हेडला राहायची आणि माझी बादली जायची पार शेवटच्या करंजाला. माझ्या दारातला लिंब मान टाकून उभा. एके दिवशी माझं डोकं फिरलं. मी शिट्टीची वाट न बघता तांदळाचं पाणी माझ्या मोगऱ्याला घातलं. वर बघते तर भिंतीपलीकडे पांढरी टोपी.

"बाई, ही पानीचोरी हाय. पंचनामा करावा लागंल."

मला वाटलं, थट्टा करताहेत. पण त्यांनी खरोखर पंचनामा केला. पंच म्हणून बायकोला बोलावलं. काशीकाकू पिठाच्या हातानं आल्या, ओला मोगरा बघितला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "लावा माझा अंगठा, आन् मोकळं करा. तव्यावर भाकर हाय."

त्यांना सवय होती. पिण्याच्या पाण्याचा टँकर आला तरी काका हाच नेम चालवायचे. टँकर आधी गल्लीच्या शेवटाला न्यायचा, तिथून भरत भरत मागे यायचं. काकांचं घर माझ्या शेजारी, फाटकापासून दुसरं. त्यामुळे त्यांच्या दारात टँकर यायचा तो खडखडत. "सगळ्या गल्लीला पानी वाटतंय हे मानूस," काकू मला ऐकवायच्या, "आन् माझ्या रांजनात बेडूक बसंना!" काका ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. लोक त्यांना टेलवाले काका म्हणायला लागले होते, तेही त्यांना मानाचं वाटायचं.

माझं सोडा, पण फाटकालगतच्या पहिल्या बंगल्यात बिराजदार साहेब राहायचे. सोसायटीचे चेअरमन, बाजारात अडत दुकान, आवाज मोंढ्यातला. त्यांच्या दारातलं झाड सगळ्यात शेवटी भिजायचं, ही गोष्ट त्यांना पोटशुळासारखी छळत होती. त्यातच ते कुणाच्या तरी लग्नाला पुण्याला गेले आणि तिथल्या एका सोसायटीत हिरवळ बघून आले. आल्याआल्या त्यांनी सभा बोलावली.

सतरंज्या अंथरल्या होत्या. बिराजदार उभे राहिले. "आता आपुन जिल्हा हाओत. जिल्ह्याला शोभंल असं राहावं लागतंय. मी सोलापूरचा एक कंत्राटदार बघितलाय. बगीच्याचा सगळा इंतजाम तो करनार. फाटकापाशी हिरवळ, रंगीत दगडं, मधी कारंजं. मागची वाळकी झाडं तोडून टाकायची. तिकडं कोन बघतंय?"

कारंजं! लोक घागरी घेऊन टँकरची वाट बघत रात्र काढताहेत आणि या माणसाला कारंजं सुचतंय! माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. पण त्याहून संताप आला तो माना डोलावणाऱ्यांचा. बादल्या उचलून सगळेच कावले होते. कारंज्याच्या नावाखाली शिट्टीतून सुटका होणार म्हणून भलेभले शिकलेले लोक खुशीत दिसत होते.

काका उभे राहिले. "झाडं तोडू नका. एवढा उन्हाळा निघाला तर जगत्यात ती. मुळं खाली गेल्यात."

"तुमचं बस झालं हो काका," बिराजदार कडाडले. "आधी टेल, आधी टेल! टेलला तुमचं कोन हाय एवढं लाडाचं? मेहुना राहतो का तिकडं?"

लोक हसले. काका हसले नाहीत. काठीवरच्या खुणांवरून त्यांनी अंगठा फिरवला.

"आता कोनी न्हाई," ते म्हणाले. "व्हतं, तवा देलं न्हाई."

कुणाला काही कळलं नाही. मग त्यांनीच सांगितलं, सगळ्यांसमोर, उभ्या उभ्या. त्यांची बदली एका कालव्यावर झाली, त्याच्या अगदी टेलला त्यांच्या थोरल्या बहिणीचं शेत होतं. नेमानं आधी पाणी तिलाच जायला हवं. पण लोक बोलायला लागले, निरीक्षक बहिणीचं रान भिजवून राहिला. "मी भिलो," काका म्हणाले. "नाव खराब होईल म्हनून मी पाळी फिरवली. आधी हेडला सोडलं. टेलला मग पोचलंच न्हाई. आक्का कालव्यावर आली, म्हनली, दिगू, माझं हक्काचं तरी दे. मी म्हनलं, आक्का, लोक नाव ठेवतेत. तवा ती म्हनली, आजपासून तुझ्या घरचं पानी मला हराम. आजवर तिनं माझ्या घरचा घोट घेतला न्हाई."

त्यांनी गळ्यातली शिट्टी काढली, बिराजदारांसमोर सतरंजीवर ठेवली आणि घरी गेले.

एवढं ऐकूनही हात वर झाले! मोजक्या आम्ही दोघीतिघी सोडल्या तर सगळ्यांचे. मी घरी येऊन भांडी अशी आपटली की नवरा न जेवता झोपला.

कंत्राटदार आला. फाटकापाशी गवताचे चौकोन बसवले, दगडांना लाल-पांढरा रंग दिला, सिमेंटचं कारंजं उभं केलं. त्याची माणसं पाणी घालायची ती फाटकापासून, आणि निम्म्या गल्लीत यायच्या आत पाणी संपायचं. मागची झाडं तोडायला पुढच्या आठवड्यात येतो, म्हणाला. काका आता गल्लीत दिसायचे ते सायकलवर. दोन्ही बाजूंना स्वतःच्या घरच्या दोन बादल्या अडकवून, डुचमळत, शेवटच्या करंजाकडे. कुणाशी बोलायचे नाहीत. शिट्टी गेली तरी मी पाणी धरून ठेवायची आणि ते भिंतीशी आले की त्यांच्या बादलीत ओतायची. तेही बादलीत काठी बुडवल्याशिवाय राहायचे नाहीत.

मग कारंज्याचं उद्घाटन. त्यासाठी खास टँकर मागवलेला. त्या दिवशी गल्लीत पिण्याचा टँकर आलाच नव्हता. बिराजदारांनी झब्बा घातला, नारळ फोडला, कळ दाबली. पाणी वर उडालं आणि साऱ्या गल्लीच्या घशातून एक आवाज निघाला. तो कौतुकाचा नव्हता.

गल्लीच्या टोकाला राहणारी पोस्टमनची बायको पुढे आली, कुणाला काही न विचारता तिनं आपली घागर कारंज्याखाली धरली. मग मी धावत घरात गेले आणि कळशी घेऊन आले. माझ्यामागे दुसरी, तिच्यामागे तिसरी. जिल्ह्याला शोभणाऱ्या त्या कारंज्याभोवती हंडे, पातेली, दुधाच्या किटल्या, एकीची तर कुकरची भांडी. कंत्राटदार ओरडतोय, "अहो बाई, डिझाइन बिघडतंय!" बिराजदार ओरडताहेत, "कळ बंद करा!" आणि कळ कुठली ते त्या गर्दीत कुणाला सापडेना. बायका एकमेकींना ढकलायला लागल्या.

तेवढ्यात मागून हाक आली. "रांग! रांग करा! आधी टेल! चारी चोवीस, पुढं व्हा! चारी तीन, तुम्ही मागं सरा बाई, तुमचा नंबर न्हाई आजूक!"

काका. सायकल तिथंच टाकून, टोपी सावरत. मी कारंज्यापाशी दुसरीच होते. मला त्यांनी पार शेवटी पाठवलं. मी गेले. सगळ्या गेल्या. बिराजदारांच्या बाईसाहेबही पातेलं घेऊन माझ्या मागे उभ्या राहिल्या, नवऱ्याकडे न बघता.

त्यानंतर कंत्राटदार फिरकला नाही. हिरवळ आठवडाभरात पिवळी पडून उडून गेली. झाडं तोडायचं मग कुणी बोललं नाही, आणि सकाळी बादल्या आपोआप दारात यायला लागल्या. शिट्टी बिराजदारांनी परत केली नाही. काका टाळ्या वाजवायचे.

उन्हाळा सरत आला होता तेव्हा एका भर दुपारी काशीकाकू एका म्हातारीचा हात धरून गल्लीत आल्या. जिल्ह्याच्या दवाखान्यात म्हातारीला डोळे दाखवायचे होते. ही आक्का. काकूंशी तिचं बोलणं होतं, भावाशी नव्हतं. काकूंनी आपलं फाटक उघडलं, आक्का बाहेरच थांबली. "मी हितं न्हाई चढायची." काकूंनी रडवेल्या तोंडानं तिला माझ्या ओट्यावर आणून बसवलं.

मी पाणी आणायला आत वळले, तर मागच्या भिंतीपलीकडून दबकी हाक. काका. हातात पितळी तांब्या, काठोकाठ.

"बाई, हे द्या तिला. तुमच्या घरचं म्हनून द्या."

"काका, हे बरं नव्हे. त्यांनी शपथ घेतलीय. मला कशाला खोटं बोलायला लावता?"

"पाप माझ्यावर. लई उन्हाची आलीय ती. तुमच्या माठातलं कालचं हाय बाई, हे आज गाळलेलं हाय."

तशा वेळीही या माणसानं माझ्या माठाची तपासणी करून ठेवली होती! मला राग आला, पण ते तांब्या भिंतीवरून पुढेच धरून होते. मी तांब्या घेतला.

आक्कानं तो दोन्ही हातांनी धरला. पण प्यायली नाही. बोटं तांब्याच्या गळ्यावरून फिरली, पोटावर आली आणि थांबली. तिथं नाव घातलेलं होतं, झिजून झिजून पुसट झालेलं. ते मी तेव्हा पाहिलं. काकांना घाईत दुसरं भांडं सापडलं नाही की त्यांनी मुद्दाम तेच भरलं, मला आजही सांगता येणार नाही. म्हातारीला वाचता येत नव्हतं, आता दिसतही नव्हतं. ती त्या अक्षरांवरून पुन्हा पुन्हा बोट फिरवत होती.

"मायचा तांब्या हाय ह्यो," ती म्हणाली.

काकू पदराचं टोक दातात धरून उभ्या. आता ही तांब्या खाली ठेवणार आणि भर उन्हात चालती होणार, याची मी खात्रीच धरली.

आक्कानं तांब्या उचलला. आधी परक्याच्या घरी पितात तसं वरून धार सोडली. मग थांबली, तांब्या सरळ तोंडाला लावला आणि पीतच राहिली.

"आनखी हाय का?" तिनं विचारलं.

मी रिकामा तांब्या घेऊन मागच्या भिंतीशी गेले. काका तिथंच उभे होते. त्यांनी तो घेतला आणि आपल्या तळहातावर उलटा केला. एक थेंबही पडला नाही.

"पिली?"

"प्यायल्या. आणखी मागतायत."

काकांनी मान हलवली. रांजण त्यांच्या पाठीशीच होता, पण तो उलटा तांब्या तसाच धरून ते कितीतरी वेळ माझ्याकडे बघत उभे राहिले, आणि शेवटी मलाच म्हणावं लागलं, "काका, भरा ना."