पाचपैकी आठ

"आठ!" केंझेबेकने मोबाइलमधून मान वर केली. "आपल्या तोगझानला जीवशास्त्रात आठ!"

त्याच्या आईने, बिबिजमाल आजीने, चहाची वाटी खाली ठेवली. आजीच्या काळी शाळेतला शेवटचा आकडा पाच. पाचाच्या पुढेही आकडे असतात हे तिला बाजारापुरतं माहीत होतं.

"पाचपैकी आठ?"

"अं," केंझेबेक म्हणाला. तो तोवर दुसरं काहीतरी वाचत होता. आजीला तेवढं पुरलं.

प्रश्न पहिला. आजी कुठे गेली? थोडक्यात लिहा.

शेजारी. तिथून पुढच्या शेजारी. तिथून...

"सुयिंशी! रौशन, सुयिंशी काढ आधी!"

सुयिंशी म्हणजे आनंदाच्या बातमीची बक्षिसी; ती आणणाऱ्याला रिकाम्या हाती पाठवायचं नसतं. रौशनने अंगावरची शाल काढून दिली आणि मग विचारलं, "पण झालं काय, आजी?"

"नात पाचाच्या पलीकडे गेली! संध्याकाळी जेवायलाच ये."

कारण ज्याच्याकडून सुयिंशी घेतली त्याला जेवू घालायचंही असतं. आजी परतली तेव्हा तिच्याजवळ शाल, थर्मास आणि चॉकलेटचा डबा होता, आणि अर्धी गल्ली संध्याकाळी यायची होती.

"केंझेबेक, उठ. सुरीला धार लाव. काळकान्या कापायचाय."

काळकान्या म्हणजे अंगणातला मेंढा. नेमक्या त्याच वेळी तोगझान शाळेतून आली आणि दप्तरासकट दारातच उभी राहिली.

इथे थोडं मागे जायला हवं. गेल्या वर्षापर्यंत तोगझान अंगणात येरझाऱ्या घालत धडा घोकायची आणि परीक्षेत पूर्णविरामासकट ओतायची. मग नवा अभ्यासक्रम आला, नव्या परीक्षा आल्या. प्रश्नपत्रिका पुस्तकातलं विचारीनाच. 'तुला काय वाटतं?' 'असं का होत असेल?' पुस्तकाला काय वाटतं ते तोगझानला तोंडपाठ होतं, स्वतःला काय वाटतं ते कधी कुणी पाठ करून घेतलं नव्हतं. तिला तीन गुण मिळाले.

"घोकू नकोस गं," आयनाश बाई म्हणाल्या. "कुणाला तरी समजावून सांग. आपोआप डोक्यात बसतं."

घरी ऐकणार कोण? बाबांना मोबाइल होता. आजीला दुसऱ्या वाक्यालाच डुलकी लागायची. उरला काळकान्या. तो रवंथ करत ऐकायचा. तोगझान अडखळली की रवंथ थांबवून बघत राहायचा, मग तिला तेच सोपं करून सांगावं लागायचं. तिनाचे आठ झाले ते त्याच्यामुळे. आणि सत्राची मोठी परीक्षा अजून व्हायची होती.

"आजी, आठ म्हणजे काही विशेष नाही गं! दहापैकी आहेत!"

"दहापैकी?" आजी थबकली. मग तिचा चेहरा आणखी उजळला. "म्हणजे परीक्षाच दुप्पट मोठी! ऐकलंस केंझेबेक? आणि गर्व म्हणून नाही पोरीला."

"वर्गात कितीतरी जणांना नऊ आहेत!"

"त्यांच्याकडेही जाऊ जेवायला. आधी आपल्याकडे."

पहिले पाहुणे आले एसिर्केप मास्तर, गल्लीतले सर्वांत वडील, जन्मभर गणित शिकवलेले. तोगझानने त्यांना फाटकातच गाठलं.

"मास्तर, दहापैकी आठ म्हणजे पाचपैकी किती?"

"चार."

आजी मटकन पायरीवर बसली. "चार? मी चारासाठी रौशनची शाल उतरवली?"

"मग आता मेंढा नको ना कापायला?" तोगझानने विचारलं.

"नको कसा? आता तर कापलाच पाहिजे! आठ असते तर सुकी भाकरीसुद्धा गोड लागली असती. चारावर लोकांची तोंडं बंद ठेवायची तर त्यात मटणच हवं!"

प्रश्न दुसरा. खरं बोलून तोगझानने काय मिळवलं? उत्तरासाठी जागा सोडलेली नाही.

पाहुणे बसले. मास्तरांना दारापासून सर्वांत लांबची, मानाची जागा दिली. रिवाजाप्रमाणे केंझेबेक मेंढ्याला उंबऱ्यापाशी घेऊन आला. आता मास्तरांनी तळहात पसरून आशीर्वाद द्यायचा, सगळ्यांनी आमीन म्हणायचं, की सुरी.

तोगझानने मेंढ्याच्या गळ्याला मिठी घातली. "मास्तर, हा गेला तर मी शिकवू कुणाला?"

लोक हसले. "बाजूला हो गं," केंझेबेक म्हणाला.

"थांब रे," मास्तर म्हणाले. "काय शिकवतेस त्याला?"

"पान आपलं अन्न कसं तयार करतं ते."

"सांग बघू."

तोगझान सांगू लागली. पाहुण्यांना नव्हे, मेंढ्याला. हरितद्रव्यापाशी अडखळली. मेंढ्याने रवंथ थांबवला. ती मागे गेली. "हे बघ, पान म्हणजे स्वयंपाकघर. ऊन म्हणजे चूल. पाणी मुळांनी भरून आणायचं, आणि हवा खिडकीतून घ्यायची..." मेंढा पुन्हा रवंथ करू लागला.

"अगंबाई," रौशन म्हणाली, "मला आज कळलं हे!"

मास्तरांनी तळहात वर केले. सगळ्यांनी केले.

"हा जीव तोगझानचा पुढचा धडा ऐको. त्याच्या पुढचाही ऐको. तिची शाळा संपेपर्यंत ऐकत राहो. आमीन!"

"आमीन!" सगळ्यांनी सवयीने तोंडावरून हात फिरवले, आणि मग आपण कशाला आमीन म्हणालो ते त्यांच्या लक्षात आलं. केंझेबेक सुरी घेऊन तसाच उभा.

"मास्तर, हे काय केलंत!" आजी ओरडली.

"आशीर्वाद दिला. मोडायचा असेल तर मोड बाई."

वडीलधाऱ्याचा आशीर्वाद त्या गल्लीत कुणी मोडला नव्हता. आजीने धुसफुसत बटाटे आणि कांदा घालून रुंद शेवया शिजवल्या. पाहुण्यांनी त्या चाटूनपुसून खाल्ल्या. मास्तरांनी तर दोनदा वाढून घेतलं.

निघताना तोगझान त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेली. "मास्तर, तुमचे उपकार कसे..."

"उपकार कसले, पोरी?" त्यांनी मागे वळून अंगणात कुणी नाही ना ते पाहिलं. "मेंढ्याचं डोकं मानाने माझ्याच ताटात आलं असतं. सगळ्यांसमोर पहिला घास मी चावायचा." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "आणि माझी कवळी दुरुस्तीला गेलीय."

आणि मास्तर हसले, ओठ घट्ट मिटून.