दाजीबा गव्याच्या जीपचा मागचा डोळा

एका जंगलात जीपगाड्या धावत होत्या.

मुलांनो, लगेच हात वर करू नका. जंगलात जीप कुठून आली, डिझेल कुठून आलं, असले प्रश्न विचारायचे नाहीत. वाघ बोलतो ती गोष्ट तुम्ही मुकाट्याने ऐकता, मग जीपनेच तुमचं काय घोडं मारलंय?

तर या जंगलात दाजीबा नावाचा एक गवा वडाप चालवायचा. सकाळी पाणवठ्यावर उभं राहायचं, जीप खच्चून भरली की बाजारटेकडीला जायचं, संध्याकाळी परत यायचं. सशांची आख्खी बिऱ्हाडं तो एका सीटवर बसवायचा. म्हाताऱ्या कासवांना मात्र स्वतः उचलून पुढे, आपल्या शेजारी ठेवायचा. वैद्य टेकडीवर राहायचा. कासव चालत निघालं तर पोचेपर्यंत दुखणं तरी संपायचं, नाहीतर कासव.

पाणवठा ते टेकडी ही वाट दाजीबाच्या वडिलांनी पाडली होती. खुरांनी. उभा जन्म गेला त्यांचा त्या वाटेवर. दाजीबाचा त्या वाटेवर फार जीव. तो म्हणायचा, "वाट आहे तोवर मी आहे."

एके दुपारी वाघमहाराज जेवून झोपले होते. त्यांच्या शेपटीवरून एक जीप मागे गेली. कोणाची, ते शेवटपर्यंत कळलं नाही. खंडू तरसाकडेही एक जुनी जीप होती, पण खंडू त्या दिवशी परगावी गेला होता. असं खंडूनेच सगळ्यांना सांगितलं.

महाराजांनी शेपटीला हळद लावली आणि फर्मान काढलं. यापुढे प्रत्येक जीपला मागे डोळा हवा. म्हणजे मागे कॅमेरा आणि चालवणाऱ्यासमोर पडदा. पाच महिन्यांनी वनदेवीच्या जत्रेत तपासणी होईल. ज्याच्या जीपला डोळा नाही, त्याची वाट काढून घेऊन दुसऱ्याला देण्यात येईल.

दाजीबा घाबरला. तो तडक जांभळीखाली वेणूताई खारीकडे गेला. वेणूताई जंगलातली मिस्त्री. भोंगे, दिवे, रेडिओ, सगळं तिच्या हातचं. कानामागे कायम एक पेचकस खोचलेला.

"डोळा बसवून देते की," वेणूताई म्हणाली. "दोन दिवसांनी या."

"बिघडला तर?"

"बिघडला तर मी आहे ना इथं."

"तसं लेखी द्याल?"

वेणूताईने पेचकस खाली ठेवला. "लेखी काय द्यायचं, दाजीबा? मी आहे ना. ही जांभळी आहे. जाणार कुठं?"

दाजीबाला हे पटलं नाही. मुलांनो, बोललेला शब्द कितीही खरा असला तरी त्याच्यावर शिक्का नसतो. आणि सातासमुद्रापलीकडे, बर्फाच्या बेटावर, पेंग्विन आणि मंडळी नावाची एक पेढी होती. तिच्या मागच्या डोळ्याबरोबर एक वर्षाची छापील वॉरंटी मिळत असे. तिच्यावर सोनेरी शिक्का होता. मागच्या बाजूला मुंगीला चष्मा लागावा अशा अक्षरांत बरंच काही लिहिलेलं होतं. दाजीबाने शिक्का वाचला.

महिन्याभरात डोळा आला. दाजीबाने सूचना वाचून तो स्वतःच बसवला. पडद्यावरचं प्लास्टिक काढायचं नाही, हे त्याला न वाचताही ठाऊक होतं.

मग पूजा. नवी वस्तू पूजेशिवाय वापरायची पद्धत त्या जंगलात नव्हती. दाजीबाची बायको म्हाळसाबाई म्हणाली, "अहो, डोळा मिटलेला असताना कसली पूजा करताय? आधी त्याला उघडा."

म्हणून जीप रिव्हर्सला टाकून ठेवली. डोळा उघडला. म्हाळसाबाईने त्याच्या कडेला आणि नारळालाही हळदकुंकवाची बोटं लावली. दाजीबा जीपच्या मागे उभा राहिला, दोन खुरांत नारळ धरून त्याने मान तुकवली, आणि मग नारळ दगडावर आपटला. चार थेंब डोळ्यावर उडाले. सगळ्यांना बरं वाटलं. खोबरं वाटून झाल्यावर करवंट्या म्हाळसाबाईने कुंपणाबाहेर टाकल्या.

तीन आठवडे डोळा उत्तम चालला. गाडी मागे घेताना कासवं पडद्यात डोकावून मागचं जग पाहायची आणि खूश व्हायची.

चौथ्या आठवड्यात एका सकाळी दाजीबाने जीप रिव्हर्सला टाकली आणि करकचून ब्रेक दाबला.

जीपच्या मागे एक गवा उभा होता. खुरांत नारळ, मान खाली.

दाजीबा उतरून मागे गेला. कोणी नव्हतं. परत येऊन बसला. गवा होता. तीनदा असं झाल्यावर म्हाळसाबाईने पडद्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "अहो, हे तुम्हीच."

वेणूताई आली. तिने पडद्याला कान लावला. "पहिल्या दिवशीचं चित्र पोटात साठवलंय, तेच अडकलंय. आतली एखादी तार सुटली असणार. चार स्क्रू, दहा मिनिटं."

तिने पेचकस काढला, आणि दाजीबाने स्क्रूवर खूर ठेवला. स्क्रूवर एक चंदेरी स्टिकर होता. त्यावर लिहिलं होतं: 'हा फाटल्यास वॉरंटी संपली.'

"अकरा महिने बाकी आहेत, वेणूताई," दाजीबा म्हणाला. "फुकट कशी घालवू?"

"अहो, पण डोळा बंद आहे."

"वॉरंटी चालू आहे ना."

त्या दिवसापासून दाजीबा जीप मागे घेईनासा झाला. सगळ्यांनी समजावलं की मागे कोणी नाही. पण पडद्यावर साक्षात गवा दिसत असताना त्याच्या अंगावर गाडी घालायला त्याचं मन धजेना. त्यातून तो गवा स्वतःच. त्यामुळे जीप वळवायची झाली की तो टेकडीला आख्खा वळसा घालायचा. कासवं म्हणू लागली की चालत लवकर पोचतो.

जंगलात रेंज फक्त डोंगराच्या कड्यावर यायची. दाजीबा रोज खेप संपवून कड्यावर चढायचा आणि पेंग्विन आणि मंडळींना निरोप पाठवायचा.

पहिल्या निरोपाला पेंग्विन क्रमांक सातने उत्तर दिलं. 'प्रिय ग्राहक, आपल्या गैरसोयीने आम्हाला अतीव दुःख झाले आहे. डोळा बंद करून पुन्हा चालू करा.'

दाजीबाला भरून आलं. इतक्या लांब कोणाला तरी आपल्यासाठी अतीव दुःख झालंय. त्याने डोळा बंद करून चालू केला. गवा होता.

पुढचं उत्तर पेंग्विन क्रमांक बाराने दिलं. 'आपल्या गैरसोयीने आम्हाला अतीव दुःख झाले आहे. काय झाले ते सुरुवातीपासून सांगा.' दाजीबाने सुरुवातीपासून सांगितलं. मग क्रमांक तीस आला. त्यालाही अतीव दुःख झालं, त्यालाही सुरुवातीपासून ऐकायचं होतं. सगळे सारखेच काळे-पांढरे, त्यामुळे दाजीबाला वाटायचं की आपण एकाशीच बोलतोय आणि तो विसराळू आहे.

असे दोन महिने गेले. मग क्रमांक एक्केचाळीसने पडद्याचा फोटो मागवला. दाजीबाने पाठवला.

'चित्र अत्यंत स्पष्ट आहे,' एक्केचाळीसने कळवलं. 'नारळाच्या शेंडीचे केससुद्धा मोजता येतात. दोष आढळला नाही. अभिनंदन.'

'पण मागे कोणी नाहीये,' दाजीबाने लिहिलं. 'चित्रातला गवा मीच आहे.'

'मग गाडीत कोण आहे?'

'गाडीतही मीच.'

उत्तर यायला चार दिवस लागले. 'आपण दोन ग्राहक असल्याचे दिसते. वॉरंटी एकाच ग्राहकास लागू आहे. तरीही आपले प्रकरण वरिष्ठांकडे पाठवत आहोत.'

वरिष्ठ पेंग्विन फार सभ्य होते. त्यांना दुःख वगैरे झालं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, 'चित्रात ग्राहकाच्या खुरांत काय आहे?'

दाजीबा हे उत्तर लिहायला बसला तेव्हा म्हाळसाबाई शेजारीच होती. तिला धोका दिसला. "अहो, चेंडू आहे म्हणून सांगा."

"पूजेतल्या नारळाला चेंडू म्हणू?" दाजीबाने कानावर खूर ठेवले. "वनदेवी काय म्हणेल?"

त्याने लिहिलं, नारळ.

'नारळात काय असते?'

पाणी.

'ते पाणी कुठे गेले?'

दाजीबा खरं बोलणारा गवा होता. त्याने लिहिलं, थोडं आम्ही प्यायलो. चार थेंब डोळ्यावर उडाले. ते शुभ असतं.

दुसऱ्या दिवशी निकाल आला. 'कलम एकोणीस. डोळ्याचा द्रवपदार्थाशी संपर्क आल्याचे ग्राहकाने मान्य केले आहे. कडेला लाल व पिवळी भुकटीही आढळते. वॉरंटी नाकारण्यात येत आहे. आपणास अपील करता येईल. निर्णय साठ दिवसांत कळेल. तोवर स्टिकर अखंड ठेवणे ही ग्राहकाची जबाबदारी राहील.'

जत्रा दहा दिवसांवर आली होती.

दाजीबा त्या दिवशी जेवला नाही. त्याला खरंच वाईट वाटलं होतं. डोळा बिघडला याचं नाही. आपण श्रद्धेने लावलेल्या हळदकुंकवाला भुकटी म्हटलं याचं. त्याने पाच पानी अपील लिहिलं.

"आता तरी उघडू द्या," वेणूताई म्हणाली. "नाही म्हणालेत ना ते?"

"अपील आहे."

"वाट जाईल तुमची."

"न्याय मिळेल, वेणूताई. एवढी मोठी पेढी. त्यांचा छापील शब्द आहे."

"आणि माझा?"

दाजीबा खुराने स्टिकरवरची धूळ पुसू लागला. वेणूताईने पेचकस कानामागे खोचला आणि ती गेली.

जत्रेचा दिवस उजाडला. तपासणीला मुंगूससाहेब आले. त्यांच्या हातात पिंपळाच्या पानांची वही होती.

आधी खंडू तरसाची जीप पाहिली. तिच्या मागे काळं रंगवलेलं काहीतरी गोल ठोकलं होतं, मधे बांगडीची काच. पुढे चालवणाऱ्यासमोर एक पाटी होती, तीही काळी.

"डोळा?" मुंगूससाहेबांनी विचारलं.

"हा काय, साहेब."

"चालू आहे?"

"एकदम चालू."

साहेबांनी पानावर बरोबरची खूण केली.

दाजीबा जवळच उभा होता. त्या गोल वस्तूच्या कडेला त्याला थोडं कुंकू दिसलं. ती करवंटी त्याच्याच नारळाची होती. तो तक्रार करणार होता, पण तेवढ्यात त्याचा नंबर आला.

"डोळा?"

"आहे, साहेब. परदेशी आहे."

"चालू आहे?"

दाजीबाने वनदेवीच्या देवळाकडे पाहिलं. "नाही, साहेब."

मुंगूससाहेबांनी मान वर केली. एवढ्या वर्षांच्या नोकरीत हे उत्तर त्यांनी प्रथमच ऐकलं असावं. ते जीपमध्ये बसले, रिव्हर्स टाकला आणि ओरडले, "अहो, मागे गवा आहे!"

"तो मीच, साहेब."

साहेब मनाने वाईट नव्हते. ते म्हणाले, "दाजीबा, तुमच्या वडिलांच्या वाटेनेच मी लहानपणी शाळेत गेलोय. मी चहा घेऊन येतो. तोवर दुरुस्त करून घ्या."

गर्दीतून वेणूताई पुढे आली. ती पेचकस घेऊनच जत्रेला आली होती. कासवं मान बाहेर काढून बघत होती. म्हाळसाबाईने पदराचं टोक दातात धरलं होतं. सगळं जंगल दाजीबाकडे पाहत होतं आणि दाजीबा स्टिकरकडे पाहत होता. तो अजून नव्यासारखा चमकत होता.

"दहा मिनिटं," वेणूताई हळूच म्हणाली.

दाजीबाने स्टिकरवर खूर ठेवला.

"अजून आठ महिने आहेत," तो म्हणाला.

साहेबांचा चहा संपला. वाट खंडू तरसाला मिळाली.

पुढे काय झालं सांगतो. अपील मंजूर झालं. साठ म्हणता साठ दिवसांत. शब्दाला पक्की माणसं, म्हणजे पक्के पेंग्विन. त्यांनी अतीव आनंद व्यक्त केला आणि नवा कोरा डोळा पाठवला. नव्या स्टिकरसह, नव्या एका वर्षाच्या वॉरंटीसह. दाजीबाच्या जीपमध्ये तोवर रानकोंबड्या अंडी घालू लागल्या होत्या. त्यामुळे तो डोळा खोक्यासकट देव्हाऱ्यात ठेवला आहे. रोज लांबूनच हळदकुंकू वाहतात. पाणी अजिबात लावत नाहीत.

आणि दाजीबा? त्याला दुसरी वाटच माहीत नव्हती. खंडूलाही एक अडचण होती. करवंटीतून मागचं दिसत नाही, आणि महाराज दुपारचे कुठे झोपतील याचा नेम नाही. मागे उभं राहून "येऊ द्या, येऊ द्या... बास!" म्हणणारं भरवशाचं कोणीतरी हवं होतं. वाट गव्याइतकी कोणाला पाठ? खंडूने दाजीबालाच कामावर ठेवलं.

नव्याने मिळालेल्या वाटेवरच्या पहिल्या खेपेला खंडूने पूजा ठेवली. दाजीबा जीपच्या मागे जाऊन उभा राहिला. खंडूने त्याच्या हातात नारळ दिला. त्याने तो दोन खुरांत धरला आणि मान तुकवली.

गर्दीत वेणूताई होती. तिने हे चित्र पाहिलं आणि ती घाईघाईने जांभळीखाली निघून गेली. तिने ते आधी पाहिलं होतं.

तात्पर्य: परदेशी यंत्र कधी चुकत नाही. ते जिथे दाखवतं तिथे जाऊन उभं राहायला आपल्यालाच जरा वेळ लागतो. (आणि करवंटी कुंपणाबाहेर टाकू नये.)