मोहित्यांची काळी चिकटपट्टी

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मोहिते भावजींच्या घरात टूथपेस्टला नाव नाही. फ्रीजला नाही, टीव्हीला नाही, मिक्सरला नाही, सॉसच्या बाटलीलाही नाही. जिथे म्हणून कंपनीचं नाव असतं, तिथे इलेक्ट्रिशियन वापरतात तसली काळी चिकटपट्टी. त्यांच्याकडे पहिल्यांदा चहाला गेले तेव्हा मला वाटलं, या घरातल्या वस्तूंना सुतक आहे.

"फुकट कुणाची जाहिरात करायची नाही, वहिनी," भावजी म्हणाले. "पैसे आपण मोजायचे आणि वर त्यांचं नाव छातीवर मिरवत आपणच गावभर हिंडायचं? काय म्हणून?"

मी चहा संपवून कप उचलून बघितला. कपाच्या बुडालाही पट्टी होती.

मोहिते मूळचे कराडचे. इथे जर्मनीत, त्सुफेनहाउझेनच्या कारखान्यात, गाड्यांचे गिअरबॉक्स तपासण्यात त्यांची उभी हयात गेली. माणूस सज्जन, पण खिशात कायम चिकटपट्टीचं रीळ. माझ्या नवऱ्याच्या, अजितच्या वाढदिवसाला मी त्याला चांगला महागातला टी-शर्ट आणला होता. भावजी आले, अजितला मिठी मारली, "हलू नका हं" म्हणाले आणि केक कापायच्या आत त्याच्या छातीवर पट्टी! मी अशी भडकले होते! पण भावजी इतक्या निरागस चेहऱ्याने केकची वाट बघत उभे होते, की भांडायचं तरी कसं?

कारखान्याच्या जॅकेटवरही त्यांनी पट्टी लावली होती. साहेबांनी बोलावून सांगितलं, हेर मोहिते (इथे श्रीयुतला हेर म्हणतात), आपल्याच कंपनीचं नाव झाकायचं नाही. भावजी म्हणाले, "गेनाऊ, अगदी बरोबर, इथे मला पगार मिळतो, इथे नाही झाकणार." तेव्हापासून ते फाटकाच्या आत शिरताना पट्टी काढतात आणि बाहेर पडताना लावतात. विमानतळावर तर एकदा त्यांच्या बॅगेवरच्या पट्ट्या बघून अधिकाऱ्याला संशय आला. त्याने एकेक पट्टी सोलून काढली. प्रत्येकीखाली कंपनीचं नाव, दुसरं काही नाही. शेवटी तो बिचारा घामाघूम झाला आणि भावजींनी त्याच्यासमोर उभं राहून सगळ्या पट्ट्या पुन्हा लावल्या.

हे सगळं मी इतके दिवस हसून सांगत असे.

मग मला येना शहरातल्या एका कंपनीकडून नोकरीचा करार आला. बरंचसं काम घरूनच करायचं होतं. इमारतीतले जुने लोक म्हणाले, मोहित्यांना दाखव, एकेकाळी सगळ्यांचे करार तेच वाचून द्यायचे, घरभाड्याचे काय आणि नोकरीचे काय. मी कागद घेऊन वर गेले. भावजी तापल्या तव्याला हात लागावा तसे मागे सरकले.

"नको, वहिनी. तो कागद टेबलावर ठेवूसुद्धा नका. माझा हात त्याच्याकडे जाईल."

"अहो भावजी, नुसती नजर टाका."

"नजर टाकली की सल्ला देईन. सल्ला दिला की तुमचं वाटोळं होईल. बाई, घ्यायची असेल तर आजच घ्या नोकरी. थांबू नका." आणि ते चक्क बाल्कनीत जाऊन उभे राहिले.

त्यांच्या पत्नी, सुनंदाताई, माझ्या मागोमाग खाली आल्या. माझ्या स्वयंपाकघरात बसून, समोरची मेथी पुढ्यात ओढून निवडता निवडता त्यांनी मला सईची गोष्ट सांगितली.

सई म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. तिचा जन्म इथलाच. शाळेत असल्यापासून धावायची. पहाटे मैदानावर ती आणि मैदानाच्या कडेला घड्याळ धरून भावजी, हिवाळा असो की उन्हाळा. पुढे आठशे मीटरच्या जोरावर तिला अमेरिकेतल्या कॉलेजात शिष्यवृत्ती मिळाली. तिकडे कॉलेजच्या खेळाडूंना आता जाहिरातीचे करार करता येतात. सईच्या बरोबरच्या मुली कुणी सरबताची, कुणी मोज्यांची जाहिरात करत होत्या. हिचा व्हिसा विद्यार्थ्याचा, तिथे कमाई चालत नव्हती. पण सुट्टीत जर्मनीला येऊन इथल्या कंपनीसाठी फोटो काढले तर चालेल, असं कॉलेजने सांगितलं. आणि इथल्याच एका लहानशा बुटांच्या कंपनीने तिला विचारलं.

"मग काय," सुनंदाताई म्हणाल्या, "हे बसले करार घेऊन. हे कलम बदला, तो शब्द काढा. कंपनी बिचारी ऐकत होती. पण ह्यांचं एकच, थांब, भाव वाढेल."

तिकडे कॉलेजात खेळायचे मोसम मोजून मिळतात. एखादा मोसम न धावता बसून काढला तर तो शिल्लक राहतो, पुढे वापरता येतो. हे भावजींना कळलं मात्र, त्यांच्या डोक्याने घेतलं. यंदा बसून राहा, नुसता सराव कर, पुढच्या वर्षी आणखी वेगाने धावशील, मग हीच कंपनी दारात उभी राहील. सई त्या वर्षी आयुष्यातलं सगळ्यात चांगलं धावत होती. दुखत-खुपत काही नव्हतं. ती फोनवर रडली. एरवी बाबांशी मराठीत बोलणारी पोरगी जर्मनमध्ये म्हणाली, "पापा, इश विल लाउफेन." मला धावायचंय.

"एकच तर मोसम," भावजी म्हणाले.

आणि ती बसली. बाबांवर विश्वास होता ना तिचा! दुसऱ्यांच्या शर्यती बघत वर्षभर कडेला बसली. पुढच्या वर्षी प्रशिक्षक बदलले, नव्या मुली आल्या. सईचे पाय तेच होते, पण आत काहीतरी विझलं होतं. दोन-चार शर्यतींत मागे पडली आणि तिने स्वतःहून नाव काढून घेतलं. पदवी घेऊन परत आली. आता ड्युसेलडॉर्फला एका ऑफिसात आहे. बूट तेव्हाच कपाटात गेले.

"भांडलीसुद्धा नाही हो," सुनंदाताई म्हणाल्या. "भांडली असती तर बरं झालं असतं. फोन करते, तब्येत विचारते, सगळं जर्मनमध्ये. ह्यांच्याशी मराठी बोलायची ती बंदच झाली."

त्या कंपनीने दुसरीच मुलगी घेतली. स्टेशनजवळच्या दुकानाच्या काचेत तिचा मोठा फोटो लागला. त्या संध्याकाळी भावजी चिकटपट्टी घेऊन घरी आले आणि पहिली पट्टी त्यांनी स्वतःच्या बुटांवर लावली.

मेथीची जुडी केव्हाच निवडून झाली होती. इतक्या वेळा हसले होते मी त्या पट्ट्यांना.

यंदा दिवाळीला सई आली. मी चकल्या द्यायला वर गेले, तर दाराबाहेर भावजी उकिडवे बसलेले. हातात सईचा बूट. बुटावर हे एवढं मोठं नाव. म्हटलं, आता लागणार पट्टी. पण त्यांनी बूट उलटा केला.

"वहिनी, बघा," ते हळू आवाजात म्हणाले. "पुढचा भाग झिजलाय. चालून असा झिजत नाही. आणि चिखल ओला आहे."

"म्हणजे धावते? अहो, मग विचारा की तिला!"

"नको. विचारलं तर सांगेल. सांगितलं की मी सल्ला देईन. माझा स्वभाव वाईट आहे." त्यांनी रुमालाने चिखल पुसला, मग काय वाटलं कुणास ठाऊक, थोडा तसाच ठेवला, आणि बूट होता तिथे, होता तसा ठेवून दिला. "पोरीचा मोसम खाल्ला मी, वहिनी. असा पचत नाही तो."

दुसऱ्या दिवशी जिना झाडायची पाळी आमची होती. या गावात ती पाळी चुकवली तर शेजारणी आठवडाभर तोंड फुगवून हिंडतात, म्हणून मी सकाळीच झाडू घेऊन बाहेर आले. सई माझ्या बाजूने धडधड उतरून गेली, तेच बूट घालून. "मॉर्गेन, मावशी!"

मी वर बघितलं. जिन्याच्या वळणावरच्या खिडकीशी भावजी उभे होते, स्वेटर उलटा, केस विस्कटलेले. खाली शेताकडच्या वाटेवर सई लहान लहान होत चालली होती.

"किती वाजले हो भावजी?" मी आपलं सहज विचारलं.

त्यांनी मनगट पुढे केलं. घड्याळावर काळी पट्टी होती. नुसत्या नावावर नाही, काट्यांसकट सगळ्या तबकडीवर.

"आज वेळ बघायची नाही," ते म्हणाले. "धावू दे."

ती वळणाआड गेली तरी ते तिथेच उभे होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "परत आली की सांगू नका हं तिला, मी इथे होतो म्हणून."