मल्लाप्पाचा राघू

मल्लाप्पा चितारी खाकी रंगाला भ्यायचा. खाकीतल्या माणसाला तर आम्ही सगळेच भ्यायचो, पण मल्लाप्पाला नुसता रंगही पुरायचा. आमच्या मुरुम गावात तो पोस्टमनला दोन्ही हातांनी आदाब करायचा. पोस्टमन बिचारा आधी लाजायचा, मग त्याला सवय झाली, आणि पुढं पुढं एखाद्या दिवशी आदाब चुकला तर तो रुसायला लागला.

लग्नघरी दाराच्या दोन्ही बाजूंना हत्ती, भालदार-चोपदार, नवरा-नवरी रंगवायचे, हा मल्लाप्पाचा धंदा. त्याचे भालदार हिरव्या, पिवळ्या, जांभळ्या कपड्यांत उभे असायचे. खाकी रंग त्यानं उभ्या आयुष्यात कधी कालवला नाही. कामाला आला की पहिला प्रश्न, "बघितलं का कुणी?" निघतानाही तोच. आता भर दुपारी शिडीवर चढून हत्ती रंगवणाऱ्या माणसाला कोण बघणार नाही? अख्खं गाव बघत असायचं.

अशा माणसाकडं मी चोरीच्या कामाचं चित्र मागायला गेलो, यावरून माझी अक्कल समजा. निजामी अमलाची शेवटची वर्षं होती. मी शाळामास्तर. आम्ही चौघं मिळून गुपचूप एक पत्रक काढायचो. सरकारला लेव्हीचं धान्य देऊ नका, कुणाला भिऊ नका, असं काही त्यात असायचं. 'भिऊ नका' लिहिताना माझाच हात कापायचा, ती गोष्ट निराळी. सरस आणि ग्लिसरीन कढवून ताटात थापायचं, जांभळ्या शाईनं लिहिलेला कागद त्यावर दाबायचा, की मग त्या ताटावरून चाळीसेक प्रती निघायच्या. पण गावोगाव वाचणारे किती? चित्र पाहिजेच, असं ठरलं. आणि चित्र काढणारा पंचक्रोशीत एकच.

"न्हाय जमायचं, मास्तर," तो म्हणाला. "आमी आपले भिंतीचे. भिंतीला अमीन धरून नेत न्हाय." अमीन म्हणजे आमचा फौजदार.

दोन दिवस मी खेटे घातले, दोन्ही दिवस त्याला ताप होता. तिसऱ्या दिवशी तोच शाळेमागं येऊन उभा राहिला.

"काढतो," म्हणाला. "आधी गावात भिणारा मी एकटाच होतो. आता समदेच भ्याल्यात. बघून बरं वाटंना."

चित्र असं होतं: धान्याच्या कणगीपुढं मुसळ घेऊन उभी राहिलेली बाई, आणि पळणारा शिपाई. शिपाई अगदी नवरदेवासारखा आला होता, डोक्याला बाशिंग तेवढं नव्हतं.

"मल्लाप्पा, हा पळतोय की वरातीत नाचतोय?"

"पळतोय," तो दुखावून म्हणाला. "पळताना मीच समद्यांच्या पुढं असतो. मागचं माणूस कसं दिसतंय, मला काय ठाव?"

प्रती गावोगाव गेल्या. चौथ्या दिवशी माझ्याकडं राहिलेली एक बायकोच्या हाती लागली.

"अहो," ती म्हणाली, "हा आपल्या दारावरचा राघू ना?"

मी कागद तिच्या हातून ओढून घेतला. मल्लाप्पा प्रत्येक लग्नाच्या चित्रात कोपऱ्यात एक राघू काढायचा. मान वाकडी, एक पाय दुसऱ्याहून लांब. मुरुमातल्या घराघरावर तो होता, इतका की आम्हाला तो दिसायचाच बंद झाला होता. हाताच्या सवयीनं त्यानं तो पत्रकातही काढला, आणि डोळ्यांच्या सवयीनं मला तो दिसला नाही. पण अमीन मुरुमचा नव्हता. त्याला तो पहिल्याच दारावर दिसला असता, आणि मल्लाप्पा जिवानिशी गेला असता. अमीनच्या हाती एक प्रत लागल्याचं त्याच दुपारी कळलं.

मग आम्हा चौघा शूरांना जे सुचलं नाही ते बायकोनं केलं. लग्नाचं चित्र आमच्याकडं कुणी पुसत नाही, ते आपोआप विरायचं असतं. पण नवरात्र तोंडावर आलं होतं, घरोघर झाडलोट चाललीच होती. ती दारोदार फिरली आणि दोन दिवसांत सगळ्या राघूंवर चुना फिरला. कशासाठी, असं एकीनंही विचारलं नाही.

राहिलं मल्लाप्पाचं घर. मी सकाळीच चुन्याची बादली घेऊन गेलो. आत जात्याच्या वर, माझ्या गुडघ्याइतक्या उंचीवर, कोळशानं काढलेला एक राघू होता. मी कुंचला बुडवला, तर मल्लाप्पा भिंतीला पाठ लावून आडवा उभा राहिला. लटलट कापत होता, पण हलेना.

"हा न्हाय, मास्तर."

"वेड लागलंय का तुम्हाला? जीव नकोसा झालाय?"

"हा माझा न्हाय. गौरव्वाचा हाय. सात वर्सांची होती, पटकीनं गेली. मी तिचाच राघू समद्यांच्या घरी काढत असतो."

इतकी वर्षं एका गावात राहून मला त्याला मुलगी होती हे माहीत नव्हतं. मला माझीच शरम वाटली.

तेवढ्यात दार अंधारलं. अमीन आत आला, मागं दोन जवान. पत्रकात चित्र होतं, म्हणजे तो आधी चिताऱ्याच्याच घरी येणार होता. त्यानं मल्लाप्पाला बाजूला सारलं, खिशातून पत्रक काढलं, भिंतीकडं बघितलं, परत पत्रकाकडं बघितलं. माझ्या कुंचल्यातला चुना माझ्याच पायावर गळत होता.

"ये किसका काम है?"

संपलं सगळं, असं मला वाटलं.

"मेरी बच्ची का, साब," मल्लाप्पा म्हणाला.

"बुलाव उसे."

मल्लाप्पा भिंतीवरच्या राघूकडं वळला.

"गुजर गयी, साहेब," मीच बोललो. "सात साल की थी."

अमीन खाली वाकला. त्या वाकड्या मानेच्या राघूकडं बघत राहिला. मग त्यानं कागदाची घडी केली, खिशात घातली आणि निघून गेला. त्याला काय समजलं आणि काय नाही, ते मला आजवर कळलेलं नाही.

मी जात्याशेजारी बसलो. मल्लाप्पाही बसला. त्यानं धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

"लई वर्सांनी कुणीतरी तिला बोलवा म्हणलं, मास्तर."