मार्चमध्ये वर्नचा फोन

"एक फोन, एक सही, आणि दुपारी तीनच्या आत आपण मर्यादेखाली! माझ्यावर सोडा!" असं म्हणून वर्न केस्किनेनने टेबलावर अशी थाप मारली की स्टॅनच्या कॉफीने कागदी पेल्याबाहेर उडी घेतली.

स्टॅन हा डुलुथ लाकूडतोडे या अमेरिकन फुटबॉल क्लबचा कारभारी आणि वर्न त्याचा कॅपवाला. कॅप म्हणजे सगळ्या खेळाडूंच्या मिळून पगारावर लीगने घातलेली मर्यादा. मार्चमधल्या ठरलेल्या बुधवारी, ठरलेल्या ठोक्याला प्रत्येक क्लब तिच्या खाली असायलाच हवा. आज तोच बुधवार, आणि डुलुथ वर होता. का वर होता? कारण मालकाने नवा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य गडी, विकत घेतला होता. त्या पोराचे केस टीव्हीवर झकास दिसायचे. चेंडू कुठे जायचा ते विचारू नका! हौस मालकाची, निस्तरायला वर्न!

"आपल्या जुन्या खेळाडूच्या, थेरॉनच्या यंदाच्या पगाराचा बोनस करून टाकू," वर्न म्हणाला. "पैसे त्याच्या हातात आजच पडतील. हिशेबात मात्र पाच वर्षांवर पसरायचे. दोन वर्षं खरी, तीन पोकळ."

"पोकळ म्हणजे तेव्हा तो इथे नसणारच ना?"

"तो नसेल. ओझं असेल."

"तेव्हाचं तेव्हा बघू," स्टॅन म्हणाला. या अख्ख्या धंद्याचं तत्त्वज्ञान एवढंच आहे, बाकी सगळी झूल. "आणि नाही केली त्याने सही तर?"

"पैसे आधी मिळतायत म्हटल्यावर नाही कोण म्हणेल?"

"नाही केली, तर मर्लला काढ. बरोबर तेवढीच जागा होते."

वर्नचा टेबलावरचा हात हळूच मांडीवर आला.

मर्ल टिब्स म्हणजे किकच्या वेळी वाकून दोन पायांमधून चेंडू मागे फेकणारा माणूस. चेंडू नीट गेला तर त्याचं नाव कुणाला ठाऊक नसतं. वाकडा गेला तर गावभर. वर्नचंही तसंच! म्हणूनच की काय, त्या भल्यामोठ्या इमारतीत वर्नच्या समोर ताट घेऊन बसणारा मर्ल हा एकच माणूस होता. जेवण झालं की दोघे पत्त्यांचा, क्रिबेजचा डाव टाकायचे. मर्ल हरला की आपल्या गावाकडच्या, आर्कान्सॉच्या झणझणीत शिव्या द्यायचा आणि वर्नला घरी आल्यासारखं वाटायचं. खरं घर होतं त्याला, पण तिथे शिव्या द्यायलाही कोणी नव्हतं.

वर्नने थेरॉनला फोन लावला. घंटा वाजत राहिली. मग निरोप ठेवायला सांगणारा तो ओळखीचा बीप.

यात नवल काहीच नव्हतं. मार्चमध्ये कॅपवाल्याचा फोन म्हणजे यमाची घंटा, हे लीगमधला प्रत्येक खेळाडू जाणतो. या महिन्यात वर्नचं नाव स्क्रीनवर दिसलं की धिप्पाड गडी फोन उशीखाली दाबतात. एकाने तर तळ्यात फेकला होता! त्यामुळे वर्नचं सगळं बोलणं बीपशी. बायको सोडून गेली ती हेच सांगून, की "तू माझ्याशीसुद्धा निरोप ठेवल्यासारखा बोलतोस."

"थेरॉन, वर्न बोलतोय, क्लबमधून. जमेल तेव्हा फोन कर. वाईट काही नाही."

वाईट काही नाही! अरे माणसा! डॉक्टर असं म्हणतो तेव्हा लोक मृत्युपत्र काढतात!

एजंटला गाठावं, तर थेरॉनने एजंटला मागच्याच महिन्यात हाकललं होतं. आता सगळा कारभार आईकडे. अर्लीनबाई टपालखात्यातून निवृत्त झालेल्या. त्यांना वर्नने निरोप ठेवला. त्यांनी तो बहिणीला ऐकवला, बहिणीने चर्चमध्ये, चर्चमधून तो स्थानिक रेडिओवर गेला आणि अकराच्या बातम्यांना निवेदक गहिवरून म्हणाला, "आपला थेरॉन! नऊ वर्षं! आणि एका फोनवर!"

स्टॅन केबिनबाहेर धावत आला. "वर्न! बोनस द्यायला सांगितलं होतं की सुतक लावायला?"

"मी जातो त्याच्या घरी. समोरासमोर दोन मिनिटांचं काम!"

थेरॉनच्या दारात वर्न पोचला तेव्हा पायरीवर बटाट्याच्या गोळ्यांच्या हॉटडिशची तीन भांडी वाफाळत होती. इकडे कुणाकडचं माणूस गेलं की शेजारी हेच घेऊन येतात. चौथं भांडं घेऊन शेजारीण येतच होती. वर्नला बघून ती थबकली, आणि भांडं बर्फात ठेवून तिने फोन बाहेर काढला.

दार उघडलं. अर्लीनबाई! हातात टॅब.

आता हा टॅब म्हणजे संघाचे सगळे डावपेच ज्यात असतात तो. खेळाडूला काढताना कोणी 'काढलं' असं म्हणत नाही, तेवढी हिंमत नसते. म्हणतात, "कोचनी बोलावलंय, टॅब घेऊन ये." टॅब दिला की संपलं.

"आलास?" बाई गरजल्या. "माझ्या लेकराने दोन्ही गुडघे झिजवले तुमच्यासाठी! आणि तो केसवाला राहणार, हा जाणार?"

"अर्लीनबाई, ऐका, मी..."

"एक शब्द नको! हा घे तुमचा टॅब!"

कोणी काही पुढे केलं तर घ्यावं, असं वर्नला लहानपणी शिकवलेलं. त्याने घेतला! खचाक्! शेजारणीने फोटो काढला. वर्न गाडीपर्यंत परत जायच्या आत फोटो शिकागोला पोचणार होता.

"बाई, मी त्याला काढायला नाही, पैसे द्यायला आलोय!"

"असंच म्हणतात सगळे!"

"सगळे कोण?"

"माझा दुसरा नवरा!"

या आरडाओरड्याने थेरॉन बाहेर आला. दीडशे किलोचा माणूस, अंगात आंघोळीचा झगा, डोळे रडून सुजलेले, हातात हॉटडिशचा चमचा. वर्नने टॅब त्याच्या काखेत कोंबला आणि करार नाकासमोर धरला. थेरॉन दारातच वाचू लागला.

"म्हणजे पैसे आजच?"

"आजच!"

"कमी नाही ना केले?"

"एक सेंटही नाही."

"आणि ही शेवटची तीन वर्षं कसली?"

"त्या वर्षांत तू नसशील."

"नसशील म्हणजे?" अर्लीनबाई पुढे सरसावल्या. "काय करणार आहात माझ्या पोराचं?"

"तो घरी असेल हो! निवृत्त! फक्त आमच्या हिशेबात त्याचं ओझं राहील."

थेरॉनने चमचा चाटला आणि विचार केला. "मी नसणार, पण माझं ओझं असणार. मग ते वाहणार कोण?"

"मी."

"एकटाच?"

"तिथे दुसरं कोण आहे?"

थेरॉनने चमचा झग्याच्या खिशात खोचला आणि सही केली. अर्लीनबाईंनी एक भांडं उचलून वर्नच्या हातात दिलं. "घेऊन जा. आमच्याकडे कोणी मेलेलं नाही. तुझ्याकडे बघून मात्र शंका येते."

गाडीत बसून वर्नने सहीचा फोटो स्टॅनला पाठवला. झालं! मर्ल वाचला! आपली मान सुरीखाली होती, हे बिचाऱ्याला माहीतही नाही. आता सांगायला हरकत नाही! वर्नने आनंदाने मर्लला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. सिग्नलला लावला, पेट्रोल पंपावर लावला, पुलावर लावला. इतका आनंद एकट्याने गाडीत घेऊन बसणं त्याला जमेना. शेवटी निरोप ठेवला, "मर्ल, वर्न बोलतोय. महत्त्वाचं आहे. आजच बोलायला हवं."

ऑफिसात पाऊल टाकताच स्टॅनने त्याला मिठी मारली. असं कधीच झालं नव्हतं.

"वस्ताद आहेस तू, वर्न! थेरॉनची सही आणली, वर मर्ललाही वाटेला लावलास!"

"मर्लला? मी?"

"निवृत्तीचं पत्र आलं त्याचं, अर्ध्या तासापूर्वी. स्वतःहून! मी म्हटलं, देव देतोय तर घ्या. निम्म्या पैशात नवा पोरगा उचललासुद्धा. लीगला कागद गेले. केक खाणार?"

वर्न तसाच उलटा फिरला.

मर्ल घरासमोर ट्रकमध्ये सामान भरत होता. वर्नला बघून त्याने हातातली खुर्ची खाली ठेवली.

"कशाला आलास? टॅब पोस्टाने पाठवलाय मी."

"मर्ल, गाढवा, फोन का नाही उचललास?"

"फोटो पाहिला तुझा. थेरॉनच्या दारात, हातात टॅब! म्हटलं, थेरॉनसारखा हत्ती गेला तिथे आपण कोण, उंदीर! मग तुझा फोन. मग परत. मग परत! एकदा केला असतास तर उचललाही असता. इतक्या वेळा माणूस फक्त काढायलाच फोन करतो. म्हटलं, त्याआधी आपणच जावं."

"मी सांगत होतो की तू वाचलास!"

मर्ल ट्रकच्या पायरीवर बसला. "मला नव्हतं काढलं?"

"नाही."

"मग मला काढलं कोणी?"

"तूच."

मर्लने त्याला आर्कान्सॉच्या ठेवणीतल्या शिव्या घातल्या. एकही सोडली नाही. मग मध्येच त्याला हसू फुटलं, ते थांबेचना. वर्नही हसला, कारण दुसरं काही सुचेना. नंतर दोघांनी मिळून सोफा ट्रकमध्ये चढवला. वर्नने तो उगीचच दोनदा वाकडा धरला, म्हणजे वेळ लागावा.

"परत घेणार नाहीत ना?" मर्लने विचारलं.

"नवा पोरगा निम्म्यात मिळालाय त्यांना. तुला काय, मला पण नाही घेणार, मी गेलो तर."

"असू दे. चेंडू मागे फेकून फेकून मला पुढचं दिसेनासं झालं होतं." त्याने ट्रक सुरू केला आणि काच खाली केली. "ऐक. मी आता तुमचा खेळाडू नाही ना?"

"नाही."

"मग तुझा फोन उचलायला मला भीती नाही. कर रविवारी."

वर्न रविवारची वाट बघत राहिला. शनिवारी त्याने काय बोलायचं ते ठरवलं. हॉटडिश उरलंय हे सांगायचं, नवा पोरगा सरावात चेंडू किकरच्या डोक्यावरून फेकतो हे सांगायचं, आणि जमलंच तर, समोरची खुर्ची रिकामी असते हेही.

रविवारी त्याने फोन लावला. पहिल्याच घंटेला मर्लने उचलला!

"बोल रे, वर्न!"

इतक्या वर्षांत वर्नला पलीकडून माणूस बोलायची सवयच राहिली नव्हती.

"मर्ल, वर्न बोलतोय, क्लबमधून," तो घाईघाईने म्हणाला. "जमेल तेव्हा फोन कर."

आणि फोन ठेवून दिला!